गडाखालची वाडी आणि सात पिढ्यांचा कडा

जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें व त्यांत रायगडाचें नांव आलें, तेव्हां महाराष्ट्रांतील कोणत्या घरीं आनंद झाला नसेल? आम्हांसही तो झाला. ज्या गडावर ६ जून १६७४ रोजीं शिवछत्रपतींस राज्याभिषेक झाला, त्या गडाची थोरवी जगानें मान्य करावी यांत नवल कांहीं नाहीं. नवल असलेंच तर इतका उशीर कां लागला, याचें आहे. परंतु गडाचा हा गौरव चालला असतां आमची नजर वारंवार गडाच्या पायथ्याकडे जाते, आणि तेथें हिरकणीवाडी म्हणून जी वस्ती आहे तिच्यापाशीं थबकते. १९९६ सालापासून या वाडींतून गडावर रोपवे जातो. पाळण्यांत बसलेला मनुष्य चार-पांच मिनिटांत माथ्यावर पोंचतो. पायीं चढणाऱ्यास हजार-दीड हजार पायऱ्यांचा घाम गाळावा लागतो. पाळण्याचें तिकीट काढणारा आणि तो पाळणा रोज डोक्यावरून जातांना पाहणारा, हे दोघेही एकाच देशाचे नागरिक व एकाच राज्यघटनेचे धनी आहेत; पण दोघांच्या मुलांपुढची वाट एक आहे काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

ज्या हिरकणीच्या नांवानें ही वाडी ओळखली जाते तिची कथा सर्वांस ठाऊक आहे. दूध घालण्यास गडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताबरोबर मिटलेले दरवाजे, घरीं तान्हें मूल, आणि मग अंधारांत कडा उतरून गेलेली ती आई. कागदोपत्रीं पुरावा मागणाऱ्या इतिहासकारास ही कथा कितपत मानवेल तें असो. आमच्या कामास ती आख्यायिका म्हणूनच पुरेशी आहे. महाराजांनीं तिचा सन्मान केला, आणि ज्या जागेवरून ती उतरली तेथें बुरूज बांधून ती वाट कायमची बंद केली, असा या कथेचा शेवट आहे. गडाच्या बंदोबस्तासाठीं तें भागच होतें. जेथून एक बाई उतरूं शकते तेथून शत्रूचे शंभर मावळे चढूं शकतात, हें ओळखणें राजाचें कर्तव्यच होय. पण गडाच्या बंदोबस्ताचा नियम समाजास लावून कसें चालेल? आणि आमच्या समाजानें तर तोच नियम उचललेला दिसतो. एखाद्या गरिबाचा मुलगा मोठा अधिकारी झाला कीं त्याचा सत्कार होतो, हारतुरे होतात, वर्तमानपत्रांत छायाचित्र येतें. आणि ज्या फटींतून तो वर आला ती फट दोन-चार वर्षांत बुजविलेली असते. सत्कारास शंभर माणसें जमतात. फट कोणीं बुजविली, हें विचारण्यास एकही येत नाहीं.

कोणी म्हणेल, श्रीमंत व गरीब हे जगांत असावयाचेच. पांचही बोटें सारखीं नसतात. हें आम्हांस मान्य आहे. कष्ट, हुशारी, धाडस व कांहीं अंशीं दैव यांमुळें एकाचें उत्पन्न दुसऱ्याहून अधिक होणार. त्याबद्दल व्यापारी वर्गाशीं आमचें भांडण नाहीं. परंतु बोटें लहानमोठीं असलीं तरी रक्त सर्वांस एकाच हातांतून मिळतें. हल्लींची स्थिति काय आहे? फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ थॉमस पिकेटी व त्यांचे सहकारी यांनीं २०२४ सालीं हिंदुस्थानच्या शंभर वर्षांच्या उत्पन्नाचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांत १९८२ सालीं देशाच्या एकंदर उत्पन्नापैकीं वरच्या शेंकडा एक लोकांकडे जाणारा वांटा शेंकडा ६ च्या आसपास होता. २०२२-२३ सालीं तो शेंकडा २२.६ झाला, आणि मालमत्तेचा वांटा शेंकडा ४०.१. खालच्या निम्म्या लोकांच्या पदरांत, म्हणजे सत्तर कोटि माणसांच्या पदरांत, उत्पन्नापैकीं शेंकडा १५ पडले. दादाभाई नौरोजींनीं १८६७-६८ सालचें दरडोई उत्पन्न वीस रुपये काढून दाखविलें, तेव्हां इंग्रज राज्याच्या न्यायीपणाचा बुरखा फाटला. त्या वेळीं आमचें म्हणणें असें होतें, कीं देशाचें द्रव्य विलायतेस वाहून जातें म्हणून देश गरीब. आतां विलायतेस कोण नेतो? वरील पंडितांचें म्हणणें तर असें आहे, कीं आजची विषमता ब्रिटिश अमलांतील विषमतेसही मागें टाकते. स्वराज्यवाद्यांनीं हें वाक्य वाचून खालीं मान घातली पाहिजे, आणि आम्ही स्वतःस स्वराज्यवादीच म्हणवितों.

परंतु केवळ तफावतीचे आंकडे पाहून आम्ही इतके अस्वस्थ झालों नसतों. खरा चटका दुसऱ्याच एका आंकड्यानें लागला. पॅरिसच्या आर्थिक सहकार्य संघटनेनें २०१८ सालीं असा हिशेब केला, कीं तळच्या कुटुंबांतील वंशजास देशाच्या मध्यम उत्पन्नापर्यंत पोंचण्यास किती पिढ्या लागतात. डेन्मार्कांत दोन. पुढारलेल्या देशांची सरासरी साडेचार. हिंदुस्थानांत सात. आमच्या भाषेंत अतिश्रीमंतास 'सात पिढ्या बसून खातील' असें म्हणण्याची रीत आहे. आतां तिचा दुसरा अर्धा भाग हातीं आला: एकाच्या सात पिढ्या बसून खाणार, आणि दुसऱ्याच्या सात पिढ्या उभ्या राहून चढणार, तेंही माथ्यावर नव्हे, मधल्या टप्प्यापर्यंत. पिढी पंचवीस वर्षांची धरली तरी हा हिशेब पावणेदोनशें वर्षांचा होतो. पेशवाई बुडाली त्या सुमारास ज्याच्या पणज्याच्या पणज्यानें चढण्यास आरंभ केला असेल, तो आज कोठें पोंचला असेल एवढाच त्याचा अर्थ. २०२० सालीं जागतिक आर्थिक मंचानें ब्याऐंशी देशांची अशीच एक यादी केली, तींत आमचा क्रमांक शहात्तरावा लागला.

सरकारी अहवाल वाचणारे गृहस्थ येथें आम्हांस थांबवितील. रायगड जिल्हा तर दरडोई उत्पन्नांत राज्याच्या वरच्या जिल्ह्यांत गणला जातो, मग ही रड कसली? जिल्ह्याची सरासरी मोठी फसवी असते. याच जिल्ह्यांत पनवेल आहे, उरणचें बंदर आहे, खोपोली व रोह्याचे कारखाने आहेत. त्यांच्या उत्पन्नास पोलादपूरच्या डोंगरांतील नाचणी-वरीच्या उत्पन्नाशीं मिळवून माणशीं भागलें म्हणजे कागदावर पोलादपूरही श्रीमंत होतें. घाटाखालच्या वाडींतील म्हातारीच्या हातीं त्या सरासरीचा एक पैसाही येत नाहीं. पुष्कळ वेळां योजना मात्र याच सरासरीकडे पाहून आंखल्या जातात, व 'मागास' ठरण्याचा लाभही तिला मिळत नाहीं.

कोणाच्या वाट्यास किती आलें याहून कोणास कोठवर जाऊं दिलें, हें पाहणें अधिक बोधक असतें. महाड तालुक्यांतीलच दोन मुलांची हकीकत घ्या. महाडाहून रायगडास जातांना वाटेंत नाते गांव लागतें. तेथें १८९६ सालीं चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. वडील वकील, घरीं विद्येची परंपरा. १९१२ सालीं हा मुलगा मॅट्रिकच्या परीक्षेंत सबंध मुंबई विद्यापीठांत पहिला आला, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यानें मिळविली, केंब्रिजला गेला, आय.सी.एस. झाला, १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर आणि १९५० सालीं देशाचा अर्थमंत्री. बुद्धीच्या जोरावर हें झालें, यांत शंका नाहीं. त्याच तालुक्यांतील लाडवलीस १९०३ सालीं रामचंद्र बाबाजी मोरे जन्मले. बुद्धि यांच्यापाशींही होती. शिष्यवृत्तीच्या परीक्षेंत ते उत्तीर्ण झाले होते. पण महाडच्या इंग्रजी शाळेनें त्यांस घेण्याचें नाकारलें, कारण जात महार. त्या लहान मुलानें स्वतः पत्र लिहून तक्रार मांडली, तेव्हां कोठें प्रवेश मिळाला. आणि तोही वर्गाच्या आंत नव्हे, बाहेर खिडकीपाशीं. एकाच मातींतील दोन बुद्धिमान मुलें, वयांत सात वर्षांचें अंतर. एकास बांक मिळाला, दुसऱ्यास खिडकी. पुढें याच मोऱ्यांनीं १९२७ सालच्या महाडच्या परिषदेच्या उभारणींत मोठा भाग घेतला व २० मार्च रोजीं डॉ. आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. त्या ओंजळीवरून चाललेला दावा मुंबईच्या उच्च न्यायालयांत निकालीं निघण्यास १९३७ साल उजाडलें, हें आम्हां कायदेवाल्यांनीं विसरूं नये. पाण्याच्या एका घोटास दहा वर्षें.

आंबेडकरांचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट सांगावयाची ती येथेंच सांगतों, कारण ती या भागाशीं निगडित असून पुष्कळांस ठाऊक नाहीं. त्यांचें मूळ गांव आंबडवें, महाडापासून फार दूर नाहीं. वडील रामजी सकपाळ हे फौजेंत सुभेदार झाले व फौजेच्या शाळेंत शिक्षक होते. कोंकणच्या या पट्ट्यांत जमीन खोताची, व्यापार दुसऱ्यांचा, देवालय व पाणवठा बंद. अशा स्थितींत महार समाजास वर चढण्याची एकच वाट उघडी होती, ती म्हणजे फौज. तेथें पगार मिळे, निवृत्तिवेतन मिळे, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे मुलांस शाळा मिळे. महाड, दासगांवच्या बाजूस अशा निवृत्त शिपायांचीं घरें होतीं, आणि पहिला जाब विचारणारे लोक त्यांच्यांतूनच निघाले. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतलेच. १८९२ च्या सुमारास सरकारनें महारांची भरती बंद केली. लढवय्या जातींचें कांहीं नवें शास्त्र विलायती अधिकाऱ्यांच्या डोक्यांत शिरलें होतें, एवढें त्यांस कारण पुरलें. वलंगकरांनीं १८९४ सालीं तक्रारीचा अर्ज तयार केला. भरती उघडली नाहीं. भीमरावांचा जन्म १८९१ चा. ही शिडी वीस-पंचवीस वर्षें आधीं काढून घेतली असती, तर रामजी सुभेदार झाले नसते, घरीं ग्रंथ आले नसते, आणि पुढचा इतिहास कसा झाला असता याचा तर्क वाचकांनींच करावा. अशा शिड्या काढून घेतल्यावर कोण कोण चढावयाचे राहून गेले, त्यांचीं नांवें कोणत्याच दप्तरांत सांपडत नाहींत.

जमिनीची कथा लांब आहे, ती थोडक्यांत आटोपतों. खोतीविरुद्ध अलिबाग तालुक्यांत चरीच्या शेतकऱ्यांनीं १९३३ पासून सहा वर्षें जमिनी ओसाड ठेवून संप केला. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी. १९३७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें बिल आणलें. १९४९ सालीं कायदा झाला, पुढें कुळकायद्यानें १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. कूळ मालक झालें हें खरें, आणि तें लहानसहान काम नव्हे. पण डोंगरउतारावरील तुकड्यावर चार भावांचें पोट भरत नाहीं तें मालकीनें भरूं लागतें असें नाहीं. म्हणून कोंकणचा मनुष्य मुंबईस गेला, आणि गिरणी ही त्याची दुसरी शिडी झाली. एक भाऊ शेतीवर, दुसरा परळच्या खोलींत; महिन्याची मनीऑर्डर आली कीं घरांत मीठ-मिरची, आणि धाकट्याची फी. १८ जानेवारी १९८२ रोजीं संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप कोणीं चालविला, कसा फसला, यावर अजून वाद चालू आहेत. आमच्या मतें दोष एका बाजूचा नव्हता. पण परिणामाविषयीं वाद नाहीं. शिडी मोडली. गिरण्यांच्या जागेवर आज टोलेजंग इमारती उभ्या आहेत व तेथील एका खोलीची किंमत त्या कामगाराच्या सबंध जन्माच्या मजुरीहून अधिक आहे. वर ज्या १९८२ सालाचा उल्लेख केला, कीं ज्या सालीं वरच्या शेंकडा एकाचा वांटा सर्वांत कमी होता, तें हेंच साल. एकामुळें दुसरें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या सालापासून एक आलेख चढत गेला आणि दुसरा उतरत गेला, एवढें खरें.

गिरण्यांच्या जागीं दुसरें काय आलें? महाडला औद्योगिक वसाहत आहे, रसायनांचे कारखाने आहेत. तेथें काम मिळतें. पण कायम नोकरी थोड्यांस व ठेकेदाराची रोजंदारी पुष्कळांस, अशी हल्लीं सर्वत्र जी रीत पडली आहे तिला हा तालुका अपवाद नाहीं. ठेकेदाराच्या मजुरास बढती नसते, निवृत्तिवेतन नसतें, कर्ज कोणी देत नाहीं. चालू महिन्यापुढचें त्यास दिसत नाहीं. ज्याला पुढचें दिसत नाहीं तो मुलास दहा वर्षें शाळेंत कसा ठेवील? कातकऱ्यांची स्थिति याहून बिकट. दिवाळीनंतर उचल घेऊन सारें बिऱ्हाड वीटभट्टीवर जातें, पोरें बरोबर जातात, पाऊस आला म्हणजे परत येतात. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ सालींच झाला. पण उचलीच्या हिशेबाची वही अद्यापि ठेकेदाराच्याच खिशांत आहे. आणि पडण्याचें भय निराळेंच. २२ जुलै २०२१ रोजीं या तालुक्यांतील तळियें गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्याच सुमारास महाडच्या बाजारपेठेंत पुराचें पाणी शिरून आमच्या व्यापारी बंधूंचाही माल चिखलांत गेला, तें दुःख लहान नव्हतें. तरी दुकानदारास विमा असतो, पेढी असते, पुण्या-मुंबईचा घाऊक व्यापारी उधारी देतो. तो दोन वर्षांत सावरूं शकतो. डोंगराखालच्या घराचा एकदां पाय घसरला कीं तें दोन पिढ्या मागें जातें.

आतां ज्या कारणासाठीं हा लेख लिहिण्यास घेतला त्याकडे वळतों. फौजेची शिडी गेली, गिरणीची गेली. तिसरी अद्यापि उभी आहे, ती वाडीवरची प्राथमिक शाळा. सप्टेंबर २०२३ मध्यें राज्याच्या शिक्षण खात्यानें वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचे प्रस्ताव मागविले. अशा शाळांची संख्या राज्यांत चौदा हजारांवर होती व त्यांतील मुलें पावणेदोन लाखांहून अधिक. आरडाओरडा झाला, सरकारनें शाळा बंद करण्याचा इरादा नसल्याचें सांगितलें, आणि विषय मागें पडला. पण कमी पटाच्या शाळा म्हणजे तिजोरीवरचा भार, ही समजूत खात्यांत कायमची घर करून बसली आहे. देशावर गांव एकत्र वसलेलें असतें. कोंकणांत तसें नाहीं. येथें एका गांवाच्या सात-आठ वाड्या, दोन वाड्यांत ओढा, मधें रान व चढ. वाडींत मुलें वीसच्या आंत असणें हा कोंकणच्या भूगोलाचा स्वभाव आहे. त्यास अपव्यय म्हणणें म्हणजे डोंगरास दंड करण्यासारखें आहे.

शाळा एकत्र करणारांचें म्हणणेंही ऐकलें पाहिजे. आठ मुलें आणि चार इयत्ता एका शिक्षकानें कशा शिकवाव्या? मुलांस बरोबरी नाहीं, खेळ नाहीं, वाचनालय नाहीं. मोठ्या शाळेंत हें सारें मिळेल. या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि वाडीवरच्या कांहीं शाळांत अभ्यास यथातथाच चालतो हेंही आम्ही झांकून ठेवूं इच्छीत नाहीं. पण ज्या कागदावर मोठ्या शाळेची इमारत रंगविलेली आहे त्याच कागदावर जुलै महिन्यांतील ओढा रंगविलेला नाहीं. सहा वर्षांची मुलगी पावसांत तीन मैल कोण धाडील? गाडी देऊं म्हणतात. या भागांतील रस्ते पावसाळ्यांत कसे असतात हें ज्यानें पाहिलें आहे, आणि २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरील भर हमरस्त्याचा पूल वाहून गेला हें ज्यास आठवतें, तो वाडीच्या वाटेवरील गाडीवर मुलीचें शिक्षण टांगून ठेवणार नाहीं. मुलगा कदाचित् जाईल. मुलगी घरीं राहील, धाकट्या भावंडांस सांभाळील, आणि चार वर्षांत तिचें लग्न होईल. मोठी शाळा काढावयाची तर जरूर काढा. पांचवीपुढें काढा, वसतिगृहासह काढा, वाडीच्या शाळेस दुसरा शिक्षक देऊन मग काढा. पहिली चार वर्षें मात्र मुलाच्या घराजवळच झालीं पाहिजेत. कायदाही हेंच सांगतो: २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याखालील नियमांत पहिली ते पांचवीची शाळा एक किलोमीटरच्या आंत व आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आंत असावी असें ठरलेलें आहे. घटनेचें एकविसावें 'अ' कलम २००२ सालच्या दुरुस्तीनें आलें, तें शोभेसाठीं नव्हे.

खर्चाची सबब आम्हांस नवी नाहीं. कोंकणांतीलच एका गरीब घरांतील गोपाळ कृष्ण गोखले शिकले ते कसे? थोरल्या भावानें शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली, त्यांतले आठ रुपये तो गोपाळास पाठवी व सात रुपयांत सारें घर चालवी. एका भावाची वाट बंद झाली तेव्हां दुसऱ्याची उघडली. हा हिशेब गोखल्यांच्या मनांतून गेला नसावा. १९११ सालीं त्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल आणलें. १९१२ सालीं तें तेरा विरुद्ध अडतीस मतांनीं फेंटाळलें गेलें. पैसा नाहीं, लोकांची तयारी नाहीं, वेळ आलेली नाहीं, हीच त्या वेळचीं कारणें होतीं. परकी सरकारनें हीं कारणें दिलीं तेव्हां आम्ही संतापलों होतों. आपल्या सरकारच्या टिपणांत तींच वाचावयास मिळावीं, यास काय म्हणावें? शहरांतील गरिबांसाठीं खासगी शाळांत ज्या शेंकडा पंचवीस जागा राखून ठेवल्या आहेत, त्यांतूनही फेब्रुवारी २०२४ मध्यें अधिसूचना काढून पळवाट केली गेली. जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेस माफी, असा तो प्रकार होता. त्या वर्षीं जुलै महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें ती रद्द केली. म्हणजे शहरांत सांगावयाचें कीं सरकारी शाळा जवळ आहे म्हणून खासगी नको, आणि डोंगरांत सांगावयाचें कीं सरकारी शाळा लहान आहे म्हणून ती नको. गरिबाच्या मुलानें जावें तरी कोठें?

पैशाचा मार्ग आहे, आणि तो दाखविणारा मनुष्य नात्याचाच होता. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असतां १९५३ सालीं मृताच्या मोठ्या मालमत्तेवर वारसाकर बसविणारा कायदा झाला. वडिलांनीं मिळविलें तें मुलानें सारेंच विनाश्रम घ्यावें काय, त्यांतला कांहीं भाग समाजाचा नव्हे काय, हा त्यामागील विचार. तो कर १९८५ सालीं रद्द झाला. उत्पन्न थोडें व खटाटोप फार, असें कारण सांगण्यांत आलें. संपत्तिकरही २०१५ सालीं गेला. हल्लीं गरिबाच्या चहाच्या पुडीवर कर आहे व कोट्यधीशाच्या वारशावर नाहीं. वसुली कठीण म्हणून कर सोडावयाचा तर दिवाणी हुकूमनाम्यांची बजावणीही कठीण असते. तेवढ्यासाठीं आम्ही कोर्टें बंद करीत नाहीं. राज्यघटनेच्या अडतिसाव्या कलमांत १९७८ सालीं मुद्दाम घालण्यांत आलें, कीं उत्पन्नांतील विषमता कमी करण्याचा प्रयत्न राज्यानें करावा. नोव्हेंबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें बहुमतानें ठरविलें, कीं सर्व खासगी मालमत्ता म्हणजे समाजाची साधनसंपत्ति नव्हे. निर्णय योग्य कीं अयोग्य तें बाजूस ठेवूं; पण मालमत्ता ताब्यांत घेणें निराळें व तिच्यावर कर बसविणें निराळें, हें कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही कळतें. त्या निर्णयानें वारसाकराच्या वाटेंत कांहीं आडवें येत नाहीं. आडवी येते ती इच्छा नसण्याची.

व्यापारी वाचकांस 'वारसाकर' हा शब्द वाचून धास्ती वाटली असेल. त्यांनीं धीर धरावा. महाडच्या बाजारांतील दुकानावर कोणी हा कर मागत नाहीं, शेंकडों कोटींच्या वारशांचें बोलणें चाललें आहे. उलट व्यापाऱ्यांनीं हिशेबानेंच पाहावें. एका कोट्यधीशास चार साड्या जास्त विकतां येतील. चारशें घरांची मिळकत थोडथोडी वाढली तर सबंध पेठ चालते. २०२४ सालीं बहिणींच्या खात्यांत महिना दीड हजार रुपये येऊं लागले तेव्हां आठवड्याच्या बाजारांत काय फरक पडला, हें दुकानदारांनींच आम्हांस सांगावें. त्या रकमेस भीक म्हणून हिणविणारांपैकीं आम्ही नव्हे. ज्या घरीं रोकड नसते तेथें दीड हजार म्हणजे औषध व पाटी-पुस्तक. मात्र अनुदान ही काठी आहे. तिच्या आधारानें उभें राहतां येतें, कडा चढतां येत नाहीं.

रायगड व परिसराच्या विकासासाठीं सहाशें कोटींहून अधिक रुपयांचा आराखडा सरकारनें मंजूर केलेला आहे. गडाची डागडुजी व्हावी, उत्खनन व्हावें, येणारांची सोय व्हावी, हें सारें आम्हांस हवेंच आहे. परंतु त्या पैशांतून व पुढें येणाऱ्या प्रवाशांच्या पैशांतून हिरकणीवाडी, पाचाड व भोंवतालच्या वस्त्यांस काय मिळावयाचें? ताक-सरबताची टपरी आणि घरगुती खाणावळ, एवढेंच कीं आणखी कांहीं? गडावर येणाऱ्या प्रवाशास माहिती सांगणारा, हिशेब ठेवणारा, यंत्र चालविणारा, डागडुजीच्या कामावर देखरेख करणारा मनुष्य वाडींतलाच कां नसावा? त्यासाठीं तो शिकलेला पाहिजे, आणि शिकावयाचा तर आरंभ वाडींतल्या शाळेंतूनच होणार.

महाड-पोलादपूरच्या लोकप्रतिनिधींस आमची एकच विनंती आहे. विधिमंडळाच्या पुढील अधिवेशनांत त्यांनीं लेखी प्रश्न टाकावा: या दोन तालुक्यांत वीसच्या आंत पट असलेल्या शाळा किती व कोणत्या वाड्यांत आहेत; त्यांपैकीं किती ठिकाणीं एकच शिक्षक आहे; प्रत्येकीपासून पुढची शाळा पायवाटेनें किती अंतरावर आहे; आणि जून ते सप्टेंबर ती वाट किती दिवस बंद असते. शेवटच्या कलमाचें उत्तर खात्यापाशीं नसेल, तर तें तलाठ्याकडून व वाडींतील बायांकडून मागवावें. त्यांस तें नेमकें ठाऊक आहे. उत्तर आलें म्हणजे वाडीवार यादीसह तें याच स्तंभांत छापूं, आणि ज्या वाडीच्या शाळेस कुलूप लावण्याचा हुकूम निघेल तिचें नांव, हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या हुद्यासह, शेजारीं छापूं.